ठिकाण माहीत नसलेली अठरा पानं

विद्यापीठात नोकरी केली म्हटलं की लोक आदरानं विचारतात, "काय शिकवत होता?" मी सांगतो, "काही नाही, मेलेली झाडं सांभाळत होतो." मग आदर जरा कमी होतो आणि माणूस खुर्ची पुढे सरकवून बसतो.

मी वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो. आधी कॉलेजात, मग विद्यापीठ झाल्यावर विद्यापीठात, अशी तीसेक वर्षं. माझे अब्बा चंद्रपुरात जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. त्यांच्या हाताखाली मी खळ शिजवायला, कागद चिकटवायला आणि जाड दोऱ्यानं शिवायला शिकलो. मुलाखतीत मला वनस्पतींबद्दल एकच प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला आलं नाही. खळीत मोरचूद किती टाकायचा ते मात्र आलं, आणि नोकरी लागली.

विभागात वनस्पतिसंग्रह होता. सगळे त्याला हर्बेरियमच म्हणायचे. लोखंडी कपाटं, त्यांत जाड कागद, प्रत्येक कागदावर एक वाळलेली फांदी. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. हा वास माझ्या सदऱ्यांना इतका लागला होता की बायको म्हणायची, तुम्हाला कसर लागायची नाही.

काम समजून घ्यायला सोपं आहे. जंगलातून फुला-फळासकट फांदी आणायची. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवायची, वरखाली टीपकागद, आणि असा चाळीस-पन्नास घड्यांचा थर लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये घालून पट्ट्यानं आवळायचा. याला आम्ही प्रेस म्हणायचो. फांदीतलं पाणी वर्तमानपत्र पितं, म्हणून पहिले आठ दिवस रोज पेपर बदलायचे. नाही बदलले तर बुरशी. वाळलं की पाऱ्याचं विष घातलेल्या द्रावणातून काढायचं, म्हणजे किडे खात नाहीत. मग चिकटवायचं आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: झाडाचं नाव, गावातलं नाव, कुठं सापडलं, कधी, कोणी आणलं. आमचे सर पहिल्याच तासाला पोरांना सांगायचे, "चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पाचोळा."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. माजरीच्या खाणीचा एक ठेकेदार आला होता, "कोळशाच्या धुळीत जगंल आन् दोन वर्षांत सावली देईल असं झाड दाखवा." आम्ही नावं सांगितली, तर म्हणाला, "याले पानी द्या लागते का?" एकदा एक पोलीस जमादार प्लास्टिकच्या पिशवीत चघळलेला पाला घेऊन आला. कोणाच्या तरी दोन शेळ्या मेल्या होत्या आणि शेजाऱ्यावर संशय होता. पाला मी तसाच सरांसमोर नेऊन ठेवला. आपण नाव चुकीचं सांगितलं तर एक माणूस आत जाईल, एवढंच डोक्यात. सरांनी ओळखलं, ते रानातलंच विषारी झुडूप निघालं, शेजारी सुटला. मी मात्र आठवडाभर कपाटाची कुलपं तीनतीनदा ओढून पाहत होतो. मी मूळचाच घाबरट. या कामात घाबरट माणूस चांगला, असं मी समजत होतो.

वैशाली आमच्या सरांकडे पीएचडीला होती. धानोरा तालुक्यातल्या धान पिकवणाऱ्या घरातली पोरगी. बोलायला कमी, चालायला वस्ताद. तिचा विषय होता गावागावांतले जाणते लोक कोणतं झाड कशावर देतात, ते. तीन पावसाळे ती हिंडली होती. नोंदणीची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. त्या वर्षीचा पावसाळा शेवटचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती तीन प्रेस माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "भाऊ, मी गावाले जाऊन राह्यली. परवा येतो. रोज पेपर बदलून देजा जी."

"तू जा. मी आहे ना," मी म्हणालो.

परवा ती आली नाही. फोन आला की ताप भरला आहे, मलेरिया निघाला. त्याच आठवड्यात विद्यापीठ तपासायला बाहेरून समिती यायची होती. झाडून सगळा स्टाफ भिंती पुसण्यात आणि कुंड्या उसन्या आणण्यात गुंतला. दोन दिवस मला प्रेस उघडायला फुरसत झाली नाही. तिसऱ्या दिवशी उघडला तर ओलसर वास आला आणि कडांना पांढरी लव दिसली.

मी घाबरलो. बुरशी एका फांदीवरून दुसरीवर जायला वेळ लागत नाही. दार लावून घेतलं आणि सकाळपासून पेपर बदलत सुटलो. पहिल्या प्रेसमध्ये प्रत्येक फांदीला दोऱ्यानं क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली होती. माझी जन्माची सवय अशी की चिठ्ठी फांदीवर पाहायची, पेपरकडे पाहायचंच नाही. पेपर म्हणजे चिंधी. चार-पाच चिठ्ठ्या पाहिल्या, समाधान झालं, आणि पुढचं सगळं हात आपोआप करत गेले. सव्वाशे-दीडशे घड्या. संध्याकाळी ते बुरशी लागलेले पेपर मी स्वतः इमारतीमागे नेऊन जाळले. बुरशीचा कागद रद्दीत द्यायचा नाही, जाळायचा, हा नियम विभागात मीच घालून दिलेला होता. समिती आली, खोली पाहिली, "फार नीटनेटकं आहे" म्हणाली. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

नमुने वाळले. एका सकाळी मी विषाचं तसराळं काढलं आणि एकेक फांदी बुडवायला घेतली. पहिला प्रेस झाला. दुसऱ्यातल्या थोड्या बुडवून झाल्या आणि क्रमांक लिहायला कागदाची पट्टी घेतली, तर फांदीला चिठ्ठी नाही. दुसरीला नाही. मी सगळा थर उलटापालटा केला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रेसमधल्या एकाही फांदीला चिठ्ठी नव्हती.

तेव्हा मला उमगलं. सततच्या पावसात कागदी चिठ्ठ्यांचा लगदा होतो म्हणून पोरीनं क्रमांक आणि गाव वर्तमानपत्राच्या समासात लिहिलं होतं. बरेच संशोधक तसं करतात, पेपर बदलताना तो मजकूर नव्या पेपरवर उतरवून घ्यायचा असतो. आणि तो समास मी जाळून बसलो होतो.

मी धावत मागे गेलो. पावसानं राखेचा चिखल झाला होता. काडीनं उकरलं तर एक अर्धवट तुकडा मिळाला, त्यावर 'नाला' एवढंच वाचता येत होतं. तो तुकडा खिशात घालून मी कपाटाला पाठ लावून बसलो. शंभरेक नमुने. तीन वर्षांतला शेवटचा पावसाळा. सरांचं पाचोळ्याचं वाक्य माझ्याच आवाजात कानात वाजायला लागलं.

घरी जेवण जाईना. बायकोनं विचारलं तेव्हा सांगून टाकलं. ती म्हणाली, "लडकी आयेगी तो पहले बोल दो. बाद में बोलोगे तो झूठ लगेगा." मी म्हटलं, बघू. ऑफिसला कळलं तर चौकशी लागणार. निवृत्तीला दोन वर्षं होती. आमच्यातल्या एका शिपायाची चौकशी लागली होती, त्याची पेन्शन किती दिवस लटकली ते मी पाहिलं होतं. रोज सकाळी ठरवायचो की आज सरांना सांगायचं, आणि सर समोर आले की चहाचं विचारायचो.

दहा दिवसांनी वैशाली आली. चेहरा पिवळा, दप्तर छातीशी धरलेलं. मी तिला बसूही दिलं नाही. एका दमात सांगितलं आणि तो जळका तुकडा तिच्यासमोर ठेवला. तिनं तो हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर सरांकडे जाईल.

"डायरी हाय माह्याजवळ," ती शेवटी म्हणाली. "झाड कसं होतं, फूल कसं होतं, लिवलं हाय. लावून पाहू."

"सरांना काय सांगायचं?"

"पेपर गेले, एवढंच सांगू. कसे गेले ते सर कुठी विचारते?"

मी हो म्हटलं. ते हो म्हणताना मला किती हलकं वाटलं, ते आज आठवलं तरी लाज वाटते.

आम्ही महिनाभर ते जुळवत होतो. ती डायरी वाचायची, "वेल, पिवळं फूल, पानाले मागून लव", मी शोधायचो. साठेक जुळले. चाळीसच्या आसपास अडले. अडचण अशी की त्यात एकसारखी दिसणारी झाडं जोडीजोडीनं होती. एक पहाडीवरच्या गावातलं, दुसरं नाल्याकाठचं. डायरीत दोन्ही होती, दोघांची औषधं निराळी होती, आणि समोर दोन वाळलेल्या फांद्या. कोणती कुठली? वैशाली म्हणाली, "जनीबाई सांगंल."

जनीबाई म्हणजे धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या गावातली म्हातारी गोंड बाई. झाडपाल्याची तिच्याइतकी माहिती त्या भागात कोणाला नव्हती, आणि ते बरेचसे नमुने तिच्याचसोबत फिरून गोळा केलेले. मी रजा टाकली. चाळीस फांद्या कागदांत गुंडाळून, प्रेसमध्ये आवळून, मांडीवर घेऊन आम्ही बसनं निघालो. प्रत्येक खड्ड्याला मी प्रेस वर उचलत होतो. कंडक्टर म्हणाला, "का हाय त्यात भाऊ, अंडे?"

जनीबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. जोहार झाला, पाणी झालं. तिनं पहिली फांदी हातात घेतली आणि हसली. "हे का केलं वं पोरी? पापडावानी दाबून टाकलं."

"वळखू येते का, आजी?"

"तोंड चपटं केलं म्हनून मानूस वळखू येत नाई का?"

आणि ती भराभर सांगायला लागली. हे दगडावरचं, पान पाहा कसं बारीक राह्यलं. हे नाल्यातलं, याले पानी भेटलं. हे आपण त्या देवाच्या झाडापाशी तोडलं. वैशाली लिहून घेत होती आणि मी चिठ्ठ्या बांधत होतो, दुहेरी गाठ मारून. बावीस झाल्या. छातीवरचं ओझं उतरत होतं. एका जोडीपाशी म्हातारी थांबली. दोन्ही पानं उन्हात धरली, नाकाशी नेली, मान हलवली. मग तिनं एकाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकून चावला.

मला कळायला एक क्षण लागला. त्या गठ्ठ्यातल्या थोड्या फांद्या मी विषात बुडवल्या होत्या. चिठ्ठी नाही हे पाहून घाबरलो, तेव्हा कोणत्या बुडवल्या ते वेगळं काढायचं राहून गेलं होतं.

"आजी, थुंका! थुंका ते!" मी तिचा हात धरून ओढला. सूप उलटलं, तांदूळ सांडले. घरातून तिची सून धावत आली. म्हातारी थुंकली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी चोर.

"जहर आहे त्यात," मी म्हणालो. "कदाचित. मला माहीत नाही."

"झाडाले जहर काऊन लावता जी? मेलंच तं होतं."

"किडे खाऊ नयेत म्हणून लावतात."

"मंग मले आदी नाई सांगाचं?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं धरला. सुनेनं दहादा चूळ भरायला लावली. शेजारच्या एकाला मोटरसायकल तयार ठेवायला सांगितलं, कारण दवाखाना लांब होता. म्हातारी पुन्हा सूप घेऊन बसली आणि सांडलेले तांदूळ वेचू लागली. मी समोर बसून तिच्या ओठांकडे पाहत होतो. तिनं जांभई दिली तरी मी उठून उभा राहायचो. "पोट दुखते का? मळमळते का?" मी इतक्यांदा विचारलं की ती वैतागली. "याले पानी देवा वं कोणी, हाच मरंल." सून हसली. मला हसू आलं नाही. दुपार कलली, म्हातारीनं भात खाल्ला, विडा लावला, आणि तिला काहीच झालं नाही. ते पान बिनविषाचं असावं, किंवा माझं नशीब. पुढचे चार दिवस मी गावच्या आशा कार्यकर्तीच्या फोनवर तिची चौकशी करत होतो.

पण उरलेली पानं चवीशिवाय सांगता येत नाहीत, असं ती म्हणाली, आणि तोंडात घालायला मी देईना. विष सगळ्यांना लावलेलं नव्हतं, पण कोणाला लावलं होतं ते मला सांगता येत नव्हतं. अशी अठरा राहिली.

सरांनी तोडगा काढला. वाईट माणूस नव्हता, त्यांनाही तिची मुदत दिसत होती. मी टेबल पुसत होतो तेव्हा म्हणाले, "अठरा नमुने, अठरा नोंदी डायरीत आहेतच. अंदाजानं लाव आणि मोकळी हो. कोण तपासायला येतंय?"

"सर, त्यातलं एक तापावर देते," वैशाली म्हणाली. "त्याच्याच सारखं दुसरं पोटुशी बाईले देत नाई. उलटंपालटं लागलं तं?"

"प्रबंध वाचून कोणी औषध घेत नाही."

"कोणी घेतलं तं, सर?"

सर चष्मा काढून पुसत बसले. तिनं त्या अठरा पानांच्या चिठ्ठीवर लिहिलं: ठिकाण माहीत नाही. प्रबंधातही तसंच छापलं. ती पानं मी चिकटवली, आणि अब्बांनी पाहिली असती तर नाव ठेवलं नसतं अशी चिकटवली. मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना प्रबंध गेला.

वर्षभरानं मौखिक परीक्षा लागली. ती सगळ्यांसमोर होते, ज्याला यायचं त्यानं यावं. वैशालीचे आईवडील शेवटच्या ओळीत अवघडून बसले होते. माझी निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. पाण्याचे पेले ठेवून मी ट्रे घेऊन दाराशी उभा राहिलो.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी कामाची तारीफ केली. मग प्रबंधाची शेवटची पानं उलटून म्हणाले, "हे अठरा नमुने ठिकाणाविना आहेत. तीन वर्षांच्या कामात हे कसं झालं? हा निष्काळजीपणा कोणाचा?"

 मी ट्रे पोटाशी दाबून धरला.

"माझा, सर," वैशाली म्हणाली. "फांदीला चिठ्ठी बांधायला पाहिजे होती. मी पेपरवर लिहिलं, आणि पेपर गेले."

"तुमच्याकडे नमुने सांभाळायला माणूस नाही का?"

सरांनी लगेच दाराकडे हात केला. "आहेत ना. हे आमचे हनीफभाऊ. तीस वर्षांचा अनुभव."

परीक्षकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तिथंच कळत होतं. एक वाक्य होतं फक्त. मी पेन्शनचा विचार केला, चौकशीचा केला, धाकटीच्या कॉलेजचा केला.

"भाऊनं बाकीचे वाचवले, सर," वैशाली म्हणाली. "बुरशी लागली होती." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

परीक्षकांनी मला हात जोडले. मीही ट्रेसकट जोडले.

तिला पदवी मिळाली. अहवालात मात्र एक ओळ आली, नोंदी ठेवण्यात हलगर्जी झाली म्हणून. पुढे एका कॉलेजच्या मुलाखतीत कोणीतरी तीच ओळ तिला वाचून दाखवली, आणि ती नोकरी दुसऱ्याला गेली. हे तिनं मला सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. ती आता तासिका तत्त्वावर शिकवते. ईदला अजून फोन करते, तब्येत विचारते, भाऊ म्हणते. माझी पेन्शन वेळेवर सुरू झाली.

हे लिहिल्यावर आधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "राहू द्या ना भाऊ, झालं गेलं. चूक कोणाची होत नाई?" पेपर जाळले ती चूकच होती, ते मला मान्य आहे. दाराशी गप्प उभा राहिलो, ते मात्र मी पूर्ण विचार करून केलं.